उज्ज्वलाचं चोरपान

उज्ज्वलाला माफ करता येत नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती मान डोलावते. सहावीत असताना एका बाईंनी तिच्यावर पट्टी चोरल्याचा खोटा आळ घेतला होता. बारावीचा निकाल लागला तेव्हा बाकीच्या मुली बाईंकडे पेढे घेऊन गेल्या. ही पट्टी घेऊन गेली, नवी कोरी, लाकडी. "बाई, तुमची पट्टी," म्हणाली, उंबऱ्यावर ठेवली आणि परत आली. तिची आई सरलाबाई ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर सांगते. "मन्ही पोर इसरस नही," म्हणते, आणि पाहुणे कप जरा सांभाळून धरतात.

हा गुण बापाकडून आलाय. तिचे वडील सुपडूकाका अमळनेरकडचे. सुरतेत येऊन एका छपाईच्या मिलमध्ये ट्रेसर झाले. साडीचं डिझाईन एकेका रंगासाठी वेगळ्या फिल्मवर ब्रशने उतरवायचं, हे त्यांचं काम. सुरतेत डिझाईनची चोरी ही रोजची बाब. सोमवारी बाजारात आलेली साडी पुढच्या सोमवारी दुसऱ्या मिलच्या शिक्क्याने विकायला हजर. म्हणून काका प्रत्येक डिझाईनमध्ये एक पान मुद्दाम चुकीचं काढत. सगळ्या पानांना सात शिरा, तर त्या एका पानाला सहा. त्याला ते चोरपान म्हणायचे. एकदा रिंग रोडवरच्या एका दुकानात जाऊन त्यांनी घडीतली साडी उलगडली, पदराजवळचं ते पान व्यापाऱ्यासमोर धरलं, आणि एक शब्द न बोलता निघून आले. व्यापाऱ्याने ती चोरीची साडी पुन्हा छापून घेतली नाही.

"चोर पुरं डिझाईन उतरी लेस," काका सांगायचे, "पन कोनतं पान कसाले शे, हाई त्याले समजत नही." आणखी एक सांगायचे. चोरपान उगाच चिकटवल्यासारखं दिसता कामा नये. ते डिझाईनचंच पान वाटलं पाहिजे, नाहीतर चोर ते गाळून पुढे जातो.

मी चैताली. माझे वडील रामजी रेल्वेत, उधना यार्डात होते, त्यामुळे शिस्त आणि शिव्या दोन्ही घरातूनच मिळाल्या. मी पलसाण्याला एका रंगाईच्या मिलमध्ये लॅबला होते. नमुन्याच्या तुकड्यावरून रंग जुळवायचा आणि त्याचं प्रमाण लिहून द्यायचं. सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या वर्षी उज्ज्वला त्याच मिलला कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागली. पर्वत पाटियाच्या नाक्यावरून आम्ही मिलच्या बसने एकत्र जायचो. ती खिडकीशी बसायची आणि मांडीवर प्रिंटरच्या भल्या लांब कागदाची चवड असायची.

ती चवड म्हणजे स्क्रीन नावाच्या प्रोग्रामची माहिती. मिलमध्ये एकच मोठं युनिक्स मशीन, आणि त्याला तारांनी जोडलेले चार टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, स्वतःची अक्कल काही नाही. उज्ज्वलाला एकाच पडद्यावर चार कामं असायची: रंगाईला आलेल्या कापडाच्या लॉटची नोंद, रंगांची प्रमाणं, रंगाईच्या कुठल्या जेट मशीनवर कुठलं कापड लावायचं ते, आणि मोडेमवरून रिंग रोडच्या ऑफिसचे निरोप. एका कामातून दुसऱ्यात जायचं तर पहिलं बंद करा, मग दुसरं उघडा. त्यात पलसाण्याची वीज. मोठं मशीन बॅटरीवर तगून राहायचं, पण टर्मिनल विझायचं आणि अर्धं भरलेलं काम पाण्यात जायचं. आठवड्यातून तीनदा तरी ती एकच लॉट दोनदा भरत होती.

मशीन बसवायला आलेला इंजिनियर जाताना काही फुकटचे प्रोग्राम टाकून गेला होता. बाकीच्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उज्ज्वलाने एकेक उघडून बघितला आणि स्क्रीनपाशी थांबली. तो प्रोग्राम एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या उघडून देतो. एक बटण दाबून इकडून तिकडे जायचं. आणि टर्मिनल विझलं तरी खिडक्या मोठ्या मशीनमध्ये चालूच राहतात. वीज आली, पुन्हा आत गेलं, की काम जिथे सोडलं तिथेच उभं.

पण हे सगळं आयतं मिळत नाही. एका फाइलमध्ये ओळीमागून ओळ लिहून त्याला सांगावं लागतं की मला असं हवं. उज्ज्वलाने ती फाइल चार महिने बसमध्ये पेन्सिलीने लिहिली आणि मिलमध्ये टाईप केली. पहिल्याच दिवशी खोडा आला. स्क्रीनची बटणं कंट्रोल आणि ए अशी होती, आणि आमच्या लॉटच्या प्रोग्राममध्ये त्याच बटणांनी नवा लॉट उघडायचा. खिडकी बदलायला जावं तर नवा लॉट. तिने ती बदलून कंट्रोल आणि टी केली. मग खिडक्यांना नावं दिली. ऑफिसचा निरोप आला की पडद्याच्या तळाशी सूचना यावी, अशी ओळ घातली. लॉगिन केल्याबरोबर जुनं काम आपोआप समोर यावं, हे दुसऱ्या एका फाइलमध्ये लिहिलं. रंगांच्या खिडकीत जे जे दिसेल ते एका फाइलमध्ये उतरत राहावं, हेही सांगितलं, कारण लॅबने काय लिहिलं आणि ऑपरेटरने काय भरलं यावरून आमच्या मिलमध्ये भांडणं फार.

आणि सगळ्यात शेवटी, चार ओळी माझ्यासाठी. त्या ओळींमुळे मी वरच्या मजल्यावर लॅबच्या टर्मिनलवरून, माझ्याच नावाने, तिच्या खिडक्यांत येऊ शकत होते. ती भरतेय ते मला दिसायचं. चूक दिसली तर मी तिथूनच टाईप करून दुरुस्त करायची आणि ते तिच्या पडद्यावर उमटायचं. मला जिने उतरावे लागत नव्हते आणि रंग चुकणं जवळजवळ थांबलं. एवढी साधी सोय होती ती.

आता श्रीरंग सर. आमचे कॉम्प्युटर इन्चार्ज. मराठी माणूस, म्हणून सुरुवातीला आम्हाला फार बरं वाटलं होतं. शेठ आणि सगळे गुजराती, हा आपला. आपल्या माणसाने घात केला की तो दुप्पट लागतो, हे मला तेव्हापासून कळलंय. सरांना मशीनपेक्षा मशीनसमोर उभं राहून बोलणं जास्त आवडायचं. कोणी पाहुणा आला की त्याला घेऊन उज्ज्वलाच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि "आम्ही असं केलंय, आम्ही तसं केलंय" सुरू.

एका दुपारी रंग विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. एक वाजला होता, उज्ज्वलाचा डबा उघडायची वेळ. सर तिला म्हणाले, "उज्ज्वला, तू जेवून घे, मी बसतो." ती उठली. सरांनी पाहुण्याला दाखवायला राणी रंगाचं प्रमाण उघडलं, निळ्याचा आकडा वाढवला, आपल्या मंजुरीने तो जतन केला, "बघा किती झटपट होतं" म्हणाले, आणि पाहुण्याला चहाला घेऊन गेले. आकडा तसाच राहिला. त्या दिवशी राणीचे दोन हजार मीटर जेटमध्ये गेले आणि वांग्याच्या रंगाचे बाहेर आले.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. सरांनी आकडा गुपचूप पूर्ववत केला, हेही. त्या संध्याकाळी कळलं ते एवढंच की सर शेठसमोर उभे राहून म्हणाले, व्यवस्था माझी चोख आहे, ऑपरेटर बेफिकीर आहे. उज्ज्वला म्हणाली, माझ्या खिडकीची नोंद उतरलेली आहे, ती बघा. शेठने श्रीरंग सरांनाच ती बघायला सांगितली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सर दहा मिनिटांनी येऊन म्हणाले, काही सापडत नाही. खरं तर ती फाइल कुठे ठेवलीय हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि विचारायची त्यांना गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वला गेटवर. कापडाचा ट्रक आला की वहीत गाडीचा नंबर लिहायचा. तिचं लॉगिन बंद केलं. येता-जाता माणसं विचारायची, "राणीचं वांगं कोणी केलं, तूच का?" जेटवरचे लोक तिला वांगीबेन म्हणू लागले. मी जेटवरच्या दोघांशी कडाकडा भांडले. ती भांडली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून नुसती बाहेर बघायची, आणि मला त्या पट्टीची आठवण यायची. तिला खुर्ची परत हवी होती, पण त्याहून जास्त, तिच्या नावावरचं ते वांगं पुसायचं होतं. आणि पुसताना ते कोणाच्या तरी तोंडाला फासायचंही होतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तिने मला याच शब्दांत सांगितलं.

तीन आठवड्यांनी मी सरांच्या केबिनमध्ये नमुने द्यायला गेले आणि त्यांच्या पडद्याकडे नजर गेली. चार खिडक्या. तीच नावं. सरांनी माझ्यासमोर कंट्रोल आणि टी दाबलं. मी त्यांना विचारलं, सर, हे नवीन का? "मी बनवलंय," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी शेठ आणि त्यांचे भाऊ बघायला येणार आहेत. त्यांच्या तिन्ही मिलमध्ये बसवायचंय. मग तिन्हींचं माझ्याकडेच."

संध्याकाळी बसमध्ये मी हे सगळं सांगितलं. उज्ज्वलाने एकच विचारलं.

"शेवटच्या चार ओळी आहेत का त्यात?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं दार लोटून मी माझ्या नावाने आत गेले आणि सरांच्या खिडक्यांत शिरायची आज्ञा दिली. पडदा एकदा कोरा झाला आणि सरांचं काम समोर आलं. ते त्या वेळी ऑफिसला निरोप लिहीत होते. एकेक अक्षर मला दिसत होतं. त्या माणसाने फाइल उचलली, वर स्वतःचं नाव घातलं, आणि खाली माझं नाव तसंच राहू दिलं. ते कशाला आहे हे त्याने वाचलंसुद्धा नव्हतं.

त्याच मिनिटाला मी त्याच्या निरोपात दोन शिव्या घालणार होते. बोटं कीबोर्डवर ठेवली होती. पण उज्ज्वलाने बजावलं होतं: बघ आणि बाहेर ये. संध्याकाळी तिने मला वहीच्या पानावर एक ओळ लिहून दिली. नोंदीची फाइल कुठे आहे आणि त्यातली नेमकी ती दुपार पडद्यावर कशी उघडायची, ती आज्ञा. ती फाइल वाचायचा हक्क फक्त उज्ज्वलाला आणि इन्चार्जला होता. उज्ज्वलाचं लॉगिन बंद होतं. राहिला इन्चार्ज.

"त्याच्या खिडकीत शिरून, त्याच्या हाताने उघडायची," ती म्हणाली. "आणि मंगळवारीच. आधी त्याला वीज गेल्याची गंमत दाखवू दे. तो ती दाखवणारच. त्यानंतर."

"पकडले गेले तर माझं नाव दिसेल," मी म्हटलं. "तुझं नाही."

"हो," ती म्हणाली. "म्हणून विचारतेय. नको असेल तर सांग, राग येणार नाही." हे ती खोटं बोलली. राग आला असता आणि जन्मभर राहिला असता. पण त्यासाठी मी हो म्हटलं नाही. मला स्वतःलाच ते करायचं होतं. आपल्याच माणसावरचा राग होता तो, त्याला वाट हवी होती.

मंगळवारी अकरा वाजता मोठ्या केबिनमध्ये शेठ आणि त्यांचे दोन भाऊ बसले. केबिनच्या समोर, मधली बोळ सोडली की आमची लॅब. काचेतून सगळं दिसत होतं आणि दार उघडं असल्याने ऐकूही येत होतं. सर नवा शर्ट घालून आले होते. खिडक्या उघडून दाखवल्या, नावं दाखवली. "ही माझी चार महिन्यांची मेहनत आहे," म्हणाले. ते चार महिने मी बसमध्ये शेजारी बसून पाहिले होते. मग त्यांनी टर्मिनलचं बटण बंद केलं, हात झटकले, पुन्हा चालू केलं, आत गेले, आणि काम जिथल्या तिथे समोर आलं. "वीज जाऊ दे, काही जाऊ दे, या पडद्यावरचं काही पुसलं जात नाही," सर म्हणाले. शेठच्या भावाने टाळी वाजवली.

मी वहीतली ओळ टाईप केली.

सरांचे हात मागे बांधलेले होते. त्यांच्या पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटू लागली आणि शेठने आधी पडद्याकडे, मग सरांच्या हातांकडे पाहिलं. मी शेवटचं बटण दाबलं. त्या दुपारची खिडकी पुन्हा डोळ्यांसमोर घडू लागली. राणीचं प्रमाण उघडलं. निळ्याचा आकडा बदलला. खाली उमटलं: मंजुरी श्रीरंग, वेळ एक वाजून बारा मिनिटं. तिथे येऊन ते थांबलं.

"आ शुं छे?" शेठ म्हणाले.

सरांनी झडप घालून टर्मिनल बंद केलं. "लाइनमध्ये बिघाड आहे साहेब," म्हणाले.

"पाछुं चालु करो," शेठ शांतपणे म्हणाले.

सरांनी चालू केलं. आत गेले. आणि काम जिथल्या तिथे समोर आलं. मंजुरी श्रीरंग, वेळ एक वाजून बारा मिनिटं. त्यांनीच सांगितलं होतं, काही पुसलं जात नाही म्हणून. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

शेठने उज्ज्वलाला गेटवरून बोलावलं. ती ट्रकच्या नंबरची वही हातात घेऊनच आली. आधी त्यांनी तिला विचारलं, एक वाजता तू कुठे होतीस. "डबा खात होते. सर म्हणाले होते, मी बसतो," ती म्हणाली. मग विचारलं, ही फाइल कोणी लिहिली. तिने केबिनमधल्या फळ्याजवळ जाऊन खडूने फाइलच्या ओळी पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली, न बघता. आठ-दहा ओळी झाल्यावर शेठने खडू सरांपुढे धरला आणि म्हणाले, पुढची लिहा. सरांनी खडू हातात घेतला आणि फळ्याकडे बघत उभे राहिले.

लॅबमधून हे कोणी केलं हे शेठने शोधलं नाही. त्यांना कळलं असावं. ते सरांना त्याच दिवशी काढणार होते. उज्ज्वला म्हणाली, "एमने काढशो नहीं, शेठ. गेट पर बेसाडो." शेठने होकार दिला. मला वाटलं, मन मोठं केलं पोरीने. मी मूर्ख.

ती इन्चार्ज झाली. वही जाऊन गेटवर टर्मिनल आलं, आणि त्यावर सर बसू लागले. वय झालेलं, दुसरी नोकरी लगेच मिळेना, घरी दोन मुलींची शिक्षणं. तिन्ही मिलमध्ये आता उज्ज्वलाचीच फाइल होती आणि ती बदलायचा हक्क तिलाच. सरांच्या टर्मिनलवरही तीच. त्यात शेवटी चार ओळी, पण आता त्यात माझ्या नावाच्या जागी तिचं नाव. सर रोज सकाळी तिची बटणं दाबून तिच्या खिडक्या उघडायचे, आणि या वेळी त्यांनी फाइल नीट वाचली होती. ती बघते आहे की नाही हे त्यांना कधीच कळायचं नाही, पण बघू शकते हे दिवसभर माहीत असायचं. जेटवरचे लोक आता कोणाला वांगं म्हणायचे ते सांगायला नको.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले होते. सुपडूकाकांनी सगळी हकिकत ऐकली. डोळे अधू झाल्याने त्यांनी काम सोडलं होतं. त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, "आते बस ना?" ती भाकरी वाढायला उठली. काकांनी पुन्हा विचारलं नाही, पण जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. व्यापाऱ्याला पान दाखवून ते परत आले होते. तिथे बसून राहिले नव्हते.

तीन महिने गेले. एका दुपारी मी उज्ज्वलाच्या केबिनमध्ये नमुने घेऊन गेले होते. एक वाजत आला होता, तिचा डबा टेबलावर उघडलेला. तिच्या पडद्यावर सरांची खिडकी होती. ट्रकचे नंबर उमटत होते. मग नंबर थांबले. थोड्या वेळाने रोमन अक्षरांत, चाचपडत, एक ओळ आली.

"उज्ज्वला, आता पुरे कर. हात जोडतो."

ज्याची फजिती बघून मी काचेआड नाचले होते त्याचीच मला कीव आली, हे मी लपवत नाही. "सोड आता," मी म्हटलं. "नाव काढ त्याच्या फाइलमधून. एका ओळीचं काम आहे."

उज्ज्वलाने डबा बाजूला सरकवला. कीबोर्ड पुढे ओढला. सावकाश, एकही अक्षर न चुकता, तिने त्यांच्या ओळीखाली टाईप केलं:

"सर, तुम्ही जेवून घ्या. मी बसते."